गोव्यातला डेलिया: आधी त्याची झोप सांभाळा

कुंड्या फेकू नका. बाकीचं सगळं नंतर, आधी एवढं ऐका.

प्रश्न फोंडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. तीन वर्षं त्या डेलिया या फुलझाडाच्या मागे आहेत. पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये दहा कंद मागवले, मेच्या सुरुवातीला लावले, आणि सांजांवपर्यंत, म्हणजे जूनच्या शेवटापर्यंत, एकूण एक कुजले. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात, जिथे आधी वांगी होती त्या वाफ्यात लावले. गुडघाभर झाले आणि एका दुपारी हिरव्या पानांनिशी माना टाकल्या. तिसऱ्या वर्षी कुंड्यांत लावले, जानेवारीत कळ्याही धरल्या, तेवढ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी अडीच महिने पुण्याला जावं लागलं. शिगमा आटोपल्यावर परत येऊन बघतात तर कुंड्यांत नुसत्या वाळक्या काड्या, आणि बाकीची बागही करपलेली. त्या विचारतात, आता हा नाद सोडावा का? आणि घरात माणूस नसतानाही परस फुललेलं राहील असं काय लावावं?

ताई, तिसऱ्या वर्षी तुमच्या हातून काही वाईट घडलेलं नाही. एक कुंडी सावलीत घ्या, आडवी करा आणि कडेने तळहाताने थापटा. मातीचा गोळा सबंध बाहेर येईल. वाळक्या दांड्याला धरून ओढू नका. कंदाची मान तिथेच असते आणि ती मोडली तर कंद कितीही जाडजूड असला तरी उगवत नाही. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नसतात. त्याचा डोळा फक्त गळ्याशी, म्हणजे दांडा आणि कंद जुळतात तिथे. मोहरीच्या दाण्याएवढा फुगवटा असतो, कधी जांभळट, कधी फिकट हिरवा. एप्रिलमध्ये तो दिसेलच असं नाही, म्हणून डोळ्यापेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवा. कंद दाबून बघा. ताज्या गाजरासारखा घट्ट लागला तर उत्तम. आठवडाभर टोपलीत पडलेल्या गाजरासारखा सुरकुतलेला, थोडा वाकणारा लागला तरीही तो जिवंत आहे. अंगठा आत गेला आणि आंबूस वास आला तर टाका. हलका आणि पोकळ लागला तर तोही गेला. माझा अंदाज आहे की तुमचे निम्म्याहून जास्त कंद शाबूत निघतील.

हा अंदाज कुठून आला ते सांगते. गोव्यातल्याच साखळी गावात मी सव्वीस वर्षं रोपवाटिका चालवली. एका वर्षी जानेवारीच्या शेवटी आमच्या यजमानांना इस्पितळात ठेवलं आणि मी तिथेच राहिले. घर पार विसरून गेले. शेजारच्या वहिनींनी न सांगता माझ्या कुंड्यांची जबाबदारी घेतली. रोज सकाळी विहिरीचं पाणी काढून ओट्याजवळच्या तीस-चाळीस कुंड्यांना घालायच्या. गोठ्यामागे फणसाखाली अकरा कुंड्या होत्या, तिकडे त्यांची नजर गेली नाही. मार्चच्या शेवटी मी परतले. ओट्याजवळच्या कुंड्यांत माती काळीभोर, गार, आणि कंद म्हणजे पेज झालेले. गोठ्यामागच्या कुंड्यांची माती चिऱ्यासारखी टणक. ती फोडली तर आत नऊ गड्डे धडधाकट. वहिनींची माया मी आजही विसरलेले नाही, पण त्या दिवशी मला डेलिया खरा कळला. फुलं संपून पान पिवळं पडायला लागलं की या झाडाला पाणी नको असतं. त्याच्या झोपेच्या वेळी आपण मायेने घातलेलं पाणी त्याला मारतं. हेळसांडीने गेलेल्या डेलियांपेक्षा अवेळी केलेल्या देखभालीने गेलेले डेलिया मी पुष्कळ जास्त बघितले आहेत.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगरांवरचा. माद्रिदच्या बागेत तो फुलला तेव्हा १७९१ मध्ये काव्हानिय्येस या वनस्पतीशास्त्रज्ञाने स्वीडनच्या आंदेर्स डाल यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं. मेक्सिकोने त्याला १९६३ मध्ये राष्ट्रीय फूल केलं. आपला झेंडू, झिनिया, कॉसमॉस हेही त्याच देशाचे, पण ते उन्हाला कणखर आहेत. डेलियाला डोंगरावरची थंड हवा लागते. रात्री १५ अंशांच्या आसपास आणि दिवसा पंचविशीच्या आत असलं की तो खूश. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतही दुपारी पारा तिशी ओलांडतो, रात्री कसाबसा विशीवर येतो. म्हणून बेळगावच्या अंगणात जे ताटाएवढं फूल येतं ते साखळीत येत नाही. ते मनावर घेऊ नका. आपल्याकडे लहान फुलांच्या जाती घ्या, चेंडूसारख्या गोल पाँपॉन किंवा एकेरी पाकळीच्या. त्या गोव्याची हवा जास्त सोसतात, आणि फुलं भरभरून देतात.

थंड देशांत कंद वसंतात लावतात आणि बर्फ पडायच्या आधी काढतात. कंदांच्या पाकिटावर छापलेली माहिती बहुधा त्यांच्यासाठी असते. विकणारेही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कंद पाठवतात, कारण त्यांचा हंगाम तो. आपण ते लगेच लावले की महिन्याभरात मिरग लागतो, आणि मग चार महिन्यांत शंभर इंचांच्या वर पाऊस. जमिनीतल्या कंदाला त्यात वाचणं शक्यच नाही. तुमचं पहिलं वर्ष असं गेलं. आपल्याकडे डेलियाचं वर्ष उलटं धरावं लागतं. उन्हाळा आणि पावसाचा जोर ही त्याची झोप, गणेश चवथीच्या सुमारास जाग, तुळशीच्या लग्नापर्यंत वाढ, जत्रांच्या दिवसांत फुलं, आणि शिगम्याला पुन्हा झोप.

दुसऱ्या वर्षी जे झालं ते वेगळं आणि जास्त वाईट. पान पिवळं न पडता, हिरवं असतानाच दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी थोडं उठतं, दोन-तीन दिवसांत कायमचं बसतं. ती जिवाणूजन्य मर. वांगी, टोमॅटो, मिरची यांना गोव्यात जी मर लागते तीच. खात्री करायची सोपी रीत आहे. बुंध्याजवळचा बोटभर दांडा कापा, काचेच्या पेल्यात नितळ पाणी घ्या आणि कापलेलं टोक पाण्यात बुडेल असा धरून ठेवा, हलवू नका. मर असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून पांढुरका धागा खाली उतरताना दिसेल, उदबत्तीचा धूर उलटा वाहावा तसा. पहिल्यांदा बघितला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण त्या वाफ्यात अजून बावीस झाडं होती.

त्याला औषध नाही. दुकानात कुणी बाटली पुढे केली तरी पैसे घालवू नका. झाड मातीसकट उपटून जाळा, कोयता आणि खुरपं उकळत्या पाण्याने धुवा, त्या वाफ्यातली माती दुसरीकडे नेऊ नका. तिथे काही वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा, डेलिया यातलं काहीच नको. मका लावा, भेंडी लावा. मी तेव्हापासून डेलिया जमिनीत लावणंच सोडलं. कुंडीत एक झाड गेलं तर एकच जातं.

आता रीत सांगते, माझ्या हाताला बसलेली.

चवथीच्या आसपास कंद माळ्यावरून खाली काढायचे. पसरट भांड्यात ओलसर रेती किंवा कोकोपीट घ्यायचं, मुठीत दाबलं तर पाणी न गळणारं, एवढंच ओलं. त्यात कंद मान उघडी ठेवून निजवायचे आणि भांडं ओट्यावर, पावसाची झड न लागेल पण उजेड मिळेल असं ठेवायचं. कोंब दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही. हा मोह फार मोठा असतो, रोज वाटतं की थोडं शिंपडावं. रेती वरून पांढरी पडली तरच हाताने शिंतोडे द्या. दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात.

कोंब चार बोटं झाला, पानांच्या दोन जोड्या आल्या, की तो पेराखाली धारदार पात्याने कापा आणि रेतीत टोचा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतो. खाली कंद पुन्हा कोंब काढतो, तोही कापा. एका कंदापासून पाच-सहा रोपं सहज होतात. कोलकात्याकडचे डेलियावाले कित्येक वर्षं असंच करतात, आणि ते ज्या दर्जाची फुलं काढतात त्यावरून त्यांचं ऐकण्यासारखं आहे. मला फायदा दिसतो तो वेगळाच. दहा कंदांवर सगळी आशा ठेवली की एक कुजला तरी जीव खालीवर होतो. रोपं चाळीस असली की चार गेली तरी आपण शांत राहतो.

रोपं ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कुंडीत जायला हवीत. दिवस बारा तासांच्या आत आला की डेलिया पानांकडचं लक्ष काढून कंद भरायला लागतो. आपल्याकडे सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान होतात आणि डिसेंबरात दिवस सव्वाअकरा तासांवर येतो. म्हणजे रोप त्याआधीच अंगाने भरलेलं असलं पाहिजे. डिसेंबरात लावलेलं रोप खाली छान कंद करतं आणि वर चार फुलं देऊन गप्प बसतं. याचा एक उपयोगही आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोपं ओट्यावरच्या दिव्याजवळ ठेवली आणि दिवा रात्री दहापर्यंत लागलेला असला तर ती वाढत राहतात. पण शेवंतीला मात्र त्या दिव्यापासून लांब ठेवा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. "आमची शेवंती नुसती पानंच काढते" म्हणून जे जे माझ्याकडे यायचे त्यांना मी विचारायचे, रस्त्याचा दिवा किती जवळ आहे? बहुतेकांचा चेहरा तिथेच उजळायचा.

कुंडी दहा-बारा इंची मातीची, खाली भोक मोकळं, आणि कुंडीखाली कौलाचे दोन तुकडे म्हणजे पाणी अडत नाही. आपली तांबडी माती आंबट असते, पावसाने तिच्यातला चुना धुऊन गेलेला असतो, म्हणून चुलीची राख मूठभर घालाच. दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं कुजलेला पातेरा, अर्धं घमेलं जाडी रेती, त्यात हाडांचा चुरा आणि निंबोळी पेंड एकेक ओंजळ. शेणखत कच्चं असेल तर घालूच नका, त्यापेक्षा नुसता पातेरा बरा. बांबूची काठी रोप लावतानाच रोवा. मागाहून रोवली की ती नेमकी कंदातून जाते. डेलियाचा दांडा पोकळ असतो, एका वाऱ्यात मोडतो.

पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडा. हात धजत नाही, तरी खुडा. न खुडलेलं झाड एकच फूल डोक्यावर घेऊन उंच जातं. शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस पाण्यात भिजवून ते पाणी दहापट पातळ करून पंधरा दिवसांतून एकदा, कळीला रंग दिसला की बंद. युरियाच्या वाटेला जाऊ नका, पानं मोठी होतात आणि कंद पाणचट होऊन माळ्यावर टिकत नाहीत. पाणी बोट बघून. तर्जनी दोन पेरं आत घाला, ओल लागली तर आज पाणी नाही. सकाळचं ऊन पाच-सहा तास, दुपारी एकनंतर सावली.

कीड फार नाही. थंडीत मावा आणि फुलकिडे, कोरडा वारा सुटला की पानांखाली लाल कोळी. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा दिला की कोळी आटोक्यात राहतो. मावा मात्र हयगय न करता काढा, कारण तो एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला लावतो. पानं चितकबरी होऊन झाड खुजं राहिलं तर त्याचा कंद पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, फूल कितीही आवडतं असलं तरी. आणि पावसाच्या शेवटाला आफ्रिकी गोगलगाई. ओलं गोणपाट कुंड्यांजवळ पसरून त्याखाली पपईची पानं ठेवा, पहाटे उलटा, सगळ्या एका जागी सापडतात. मग मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हातमोजा घाला, उघड्या हाताने धरू नका.

आता झोप. फेब्रुवारीच्या शेवटी फुलं लहान होतात, मधला पिवळा गाभा उघडा पडतो. तिथून पाणी हळूहळू तोडा. शिगम्यापर्यंत पान वाळतं. दांडा चार बोटं ठेवून कापा आणि कुंडी तशीच पागोळ्यांपासून लांब, आत ओसरीवर आडवी करून ठेवा. कुंडीत वाढलेले कंद लहान, दाटीने वळलेले असतात आणि ते जमिनीतल्या मोठ्या कंदांपेक्षा चांगले टिकतात. मेअखेर, मिरगाच्या आधी, ते काढून कोरड्या राखेत किंवा रंध्याच्या भुशात, मडक्यात भरा. मडक्याचं तोंड फडक्याने बांधा, झाकणाने नको. आमच्याकडे ही मडकी चुलीवरच्या माळ्यावर असायची, जिथे सासूबाई काकडीचं आणि दोडक्याचं बी ठेवायच्या. धग आणि धूर दोन्ही असल्याने पावसातही तिथे बुरशी धरत नसे. आता चूल नाही, तर फ्रीजच्या आत नव्हे, पण त्याच्या मागच्या भिंतीवरची वरची फळी चालते, तीही कोरडी असते. उंदीर-घुशींची काळजी घ्या, डेलियाचा कंद त्यांना फार आवडतो.

दर अमावास्येला मडकं उघडून बघायचं. एखादा मऊ झाला तर काढा, त्याला टेकलेला कंद कापून चांगला भाग गंधकाच्या भुकटीत घोळवा. काही कंद जूनच्या दमट हवेत आपणहून कोंब काढतात. त्यांना परत झोपवता येत नाही. त्यांना लहान कुंडीत, छपराखाली, अगदी कमी पाण्यावर जगवा, ऑगस्टात त्यांच्याच फांद्या रोपांसाठी मिळतात. एवढं सगळं करूनही दहातले सहा-सात कंद वाचले तर मी ते वर्ष चांगलं म्हणते.

राहिला प्रश्न बाकीच्या परसाचा. तुम्ही जानेवारी ते मार्च घरी नसलात म्हणजे जे पाण्यावाचून राहील तेच उरणार. त्यासाठी पावसातच तयारी करायची. नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, फेकू नका. अबोली, जास्वंद, अनंत यांच्या बुंध्यापासून हातभर लांब चर खणून पोकळ बाजू वर करून सोडणं पुरा आणि वरून पातेऱ्याचा वीतभर थर द्या. ती पाणी धरून ठेवतात. मोठ्या मडक्याला तळाशी बारीक भोक पाडून त्यात सुती वात घालून झाडाजवळ पुरलं तर आठवड्यातून एकदा कुणी भरलं तरी पुरतं, आणि शेजाऱ्यांना सांगायलाही सोपं, "फक्त मडकं भरा."

अबोलीचा तुमच्याकडे वाफाच असू द्या. अर्ध्या सावलीत, विहिरीच्या पाण्याच्या ओघळावर ती वर्षानुवर्षं राहते. पिकलेल्या शेंगांवर पावसाचे थेंब पडले की त्या तडतड फुटतात आणि बी आपोआप चहूकडे पसरतं, पावसात रोपं उचलून नव्या जागी लावायची. जुनी झाडं मेअखेर वीतभर ठेवून छाटा. जाईची तर तुम्हाला मी काय सांगणार, म्हार्दोळ तुमच्याच तालुक्यातलं आणि तिथल्या महालसा देवीची जायांची पूजा तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितली असेल. डिसेंबर-जानेवारीत पुण्याला निघायच्या आधी तिची छाटणी करून जा, उन्हाळ्यात ती तशीही कमी पाण्यावर राहते.

सड्यावर पावसात जो तेरडा उगवतो त्याचाच बागेतला भाऊ एकदा पेरला की दरवर्षी स्वतःच येतो. गुलबक्षीलाही डेलियासारखं जाड मूळ असतं, वर सगळं करपलं तरी पहिल्या पावसाला फुटते. दसरा-दिवाळीला झेंडू हवा असेल तर जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला बी टाका, साधारण साठ दिवसांत फूल. वाफे उंच करा, नाहीतर मूळ कुजतं. झिनिया आणि कॉसमॉस पाऊस ओसरल्यावर थेट जमिनीत विस्कटा. जाण्याआधी त्यांची वाळकी फुलं कागदाच्या पिशवीत भरून ठेवली की पुढच्या वर्षाचं बी झालं. करपली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ती झाडं एका हंगामाचीच.

आणि ताई, आज एप्रिल आहे. वळवाचा पाऊस कधीही येईल, आणि त्या एका सरीत तुमच्या कोरड्या कुंड्या भिजून कंद अवेळी जागे होतील. म्हणून हे वाचून झाल्यावर लगेच सगळ्या कुंड्या अंगणातून ओसरीवर घ्या, आडव्या करा आणि प्रत्येकीवर खडूने फुलाचा रंग लिहा. आत्ता लक्षात आहे असं वाटतं, पण चवथीला मडकं उघडाल तेव्हा सगळे कंद सारखेच दिसतील.